साहित्य महोत्सवात लेखकाशी ओळख कशी करून घ्यावी?

पानखूण

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात तीन दिवसांच्या साहित्य महोत्सवाला जायचं ठरवलंय. कार्यक्रमपत्रिका कालच हाती आली आणि ती चाळताना गेल्या वर्षीची रुखरुख पुन्हा वर आली, म्हणून हा धागा काढतेय.

गेल्या वर्षी माझ्या अतिशय आवडत्या कादंबरीकार बाईंच्या सत्राला गेले होते. त्यांच्या एका कादंबरीने मला आईच्या आजारपणात अक्षरशः तगवलंय. दवाखान्यातल्या बाकावर बसून रात्री वाचलेली ती पानं अजून जशीच्या तशी आठवतात. सत्र संपलं, सहीसाठी रांग लागली, मी पाऊण तास उभी राहिले. काय बोलायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं. माझी पाळी आली आणि तोंडातून एवढंच निघालं, 'तुमची पुस्तकं मला खूप आवडतात.' त्या हसल्या, सही केली, पुस्तक हातात दिलं, तोवर मागचे काका पुढे आले होते. फार तर वीस सेकंद.

याहून जास्त मात्र दुसरीच गोष्ट मनाला लागून राहिलीय. शेजारच्याच टेबलाशी एक कवी बसले होते. समोर त्यांच्या संग्रहाच्या दहा-बारा प्रती, कडा जुळवून नीट रचलेल्या. त्या पाऊण तासात त्यांच्याकडे दोन माणसं आली, त्यातला एक सभागृहाचा रस्ता विचारायला. ते पेनाचं टोपण काढायचे, लावायचे, परत काढायचे. मी चार हातांवर उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. त्यांचं काहीच वाचलं नव्हतं, मग कुठल्या तोंडाने जायचं, असं वाटलं.

तुम्ही लेखकांना भेटता तेव्हा काय बोलता? न वाचलेल्या लेखकाकडे जावं का? आणि अशा गर्दीत खरीखुरी ओळख होऊ शकते का?

तिसरी_रांग

पानखूणताई, मी सहा वर्षं अशा महोत्सवांत स्वयंसेवक म्हणून काम करतोय, बहुतेक वेळा सहीच्या टेबलाशीच. तुम्ही सांगितलेलं चित्र दर वर्षी डोळ्यांसमोर असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

सत्र साधारण तासाभराचं असतं. शेवटची दहा-पंधरा मिनिटं प्रश्नांना. त्यानंतर लेखकाला टेबलाशी आणायचं आणि अर्ध्या तासात मोकळं करायचं, कारण पुढे कुणाची तरी मुलाखत ठरलेली असते. रांगेत साठ माणसं असली की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं. ते अर्धं मिनिट नाव सांगण्यात आणि पान शोधण्यात जाऊ नये यासाठी आम्ही रांगेतच चिकटचिठ्ठ्या देतो. चिठ्ठीवर नाव लिहा, ऱ्हस्वदीर्घासकट, आणि ती शीर्षकपानावर लावून पुस्तक तिथेच उघडं ठेवा. सही शीर्षकपानावर घ्यायची पद्धत आहे. काही लेखक तिथलं आपलं छापील नाव एका रेघेने खोडून खाली सही करतात, ते पाहून दचकू नका, जुनी रीत आहे ती. गुळगुळीत कागद असेल तर जेल पेन फासतं, साधं बॉलपेन जवळ ठेवा.

आता माझा खरा सल्ला. रांगेत सर्वांत शेवटी उभे राहा. मुद्दाम. लोक लवकर नंबर लागावा म्हणून धावतात, पण पहिल्या माणसाच्या मागे एकोणसाठ जण ताटकळत असतात. शेवटच्या माणसामागे कुणी नसतं. लेखकाचा हात दुखत असतो, पण खांदे सैल झालेले असतात. टेबलावरून उठता उठता, पेन खिशात ठेवता ठेवता जी बोलणी होतात ती मी सहा वर्षं ऐकतोय. तशी बोलणी रांगेच्या मधोमध कधी ऐकली नाहीत.

आणि दुसऱ्यांच्या सत्रांत श्रोत्यांकडे बघत जा. चांगले लेखक इतरांना ऐकायला येतात, मागच्या खुर्च्यांवर बसतात. तिथे शेजारी बसून आत्ताच ऐकलेल्या सत्राबद्दल बोलणं सोपं जातं, कारण तेव्हा दोघंही श्रोतेच असता. फक्त व्यासपीठाकडे निघालेल्या माणसाला अडवू नका. त्या वेळी डोक्यात पहिलं वाक्य घोळत असतं.

मितभाषी

वेगळं मत मांडतो, राग नसावा. लेखकाला भेटायचंच कशाला? जे द्यायचं ते त्याने पुस्तकात दिलंय. मी विशीत असताना एका लेखकाला भेटायला मुद्दाम प्रवास करून गेलो होतो. त्यांच्या कथा मला तोंडपाठ होत्या. बोलायला लागलो तर ते माझ्या खांद्यावरून मागे कुणाकडे तरी बघत राहिले, 'हो, हो' म्हणाले आणि निघून गेले. पुढची तीन-चार वर्षं त्यांच्या कथा मला वाचवेनात. प्रत्येक वाक्यात ती नजर दिसायची. कथा त्याच होत्या, नुकसान माझं झालं. तेव्हापासून सत्र ऐकतो आणि घरी येतो.

कोरा_कागद

पानखूण, त्या रिकाम्या टेबलाशी मीही बसलोय. दोन कथासंग्रह आहेत माझे, फार लोकांनी वाचलेले नाहीत. तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते लिहितो.

एकदा असाच बसलो असताना एक बाई आल्या. 'मी तुमचं काही वाचलेलं नाही,' म्हणाल्या. मग संग्रह उचलला आणि उभ्या उभ्या पहिल्या कथेचं पहिलं पान वाचलं. घाईने नव्हे, बोट ओळीवर ठेवून. वाचून झाल्यावर विचारलं, 'ही दार का उघडत नाही?' त्या कथेत बाहेर कुणी तरी दार वाजवतंय आणि आतली बाई पीठ मळत राहते, एवढंच पहिल्या पानावर आहे. मी उत्तर द्यायला गेलो आणि माझ्या लक्षात आलं की मला ते कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही दहा मिनिटं त्या दाराबद्दल बोललो. त्यांनी पुस्तक घेतलं की नाही, खरंच आठवत नाही. प्रश्न आठवतो. पुढच्या संग्रहातली एक कथा त्या प्रश्नातून निघाली.

त्यामुळे 'न वाचता जावं का' याला माझं उत्तर: जरूर जावं, आणि तसं सरळ सांगावं. 'तुमचं वाचलेलं नाही, कुठून सुरुवात करू?' या प्रश्नाला प्रत्येक लेखकाकडे मनापासूनचं उत्तर असतं, आणि ते बहुधा सर्वांत गाजलेल्या पुस्तकाचं नसतं. वाचल्याचा आव आणलेला मात्र दुसऱ्या वाक्यात कळतो, आणि मग दोघांनाही अवघड होतं.

आणि कादंबरीकार बाईंना तुम्ही जे बोलू शकला नाहीत ते पत्रात लिहा. प्रकाशकाच्या पत्त्यावर लेखकाच्या नावे पाठवलेलं पत्र पुढे पोचवलं जातं. दवाखान्यातल्या बाकाबद्दल लिहा. मी तरी असं पत्र जन्मभर जपून ठेवीन.

मितभाषी, तुमचं वाचून वाईट वाटलं. बाजू घेत नाही, पण एक सांगतो. तासभर व्यासपीठावर बोलून खाली उतरलं की मला समोरचा चेहरा दिसतो पण ऐकू येत नाही, अशी दहाएक मिनिटं जातात. त्या दहा मिनिटांत मीही कुणाला तरी तसाच वागलो असेन. ही भीती मला आहे.

पानखूण

कोरा_कागद, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पत्राचं सुचलंच नव्हतं. त्या कवींचा संग्रह आज मागवला.

बाड

मी बावीस वर्षांचा आहे, कादंबरी लिहितोय. खरं सांगायचं तर या महोत्सवात एका लेखकाला माझं हस्तलिखित द्यायचं म्हणून छापून, बांधून ठेवलंय. २४० पानं. वरचे प्रतिसाद वाचून शंका आली. देऊ की नको?

कोरा_कागद

बाड, नको देऊ. मन मोडायला सांगत नाही. त्या माणसाची तीन दिवसांची बॅग आधीच भेट मिळालेल्या पुस्तकांनी फुगलेली असते. शिवाय अनोळखी माणसाचं अप्रकाशित लेखन वाचायला अनेक लेखक घाबरतात. उद्या त्यांच्या पुस्तकात तसाच एखादा प्रसंग आला तर उचललं म्हणून आरोप होऊ शकतो. ते घेतील, कारण तोंडावर नाही म्हणणं जड जातं. नंतर तू वर्षभर वाट बघशील.

त्याऐवजी ज्या जागी अडलायस ती जागा घेऊन जा. 'मी अकराव्या प्रकरणात अडकलोय, दोन पात्रं एका खोलीत आहेत आणि त्यांना बाहेर काढता येत नाही. तुमच्या अमुक कादंबरीत तुम्ही ते कसं केलंत?' असं विचार. तो प्रश्न एका लिहिणाऱ्याचा दुसऱ्या लिहिणाऱ्याला असतो, आणि तिथून ओळखीला सुरुवात होते. पहिला खर्डा किती दिवस बाजूला ठेवता, सर्वांत आधी वाचायला कुणाला देता, हेही विचार. महोत्सवात लेखनकार्यशाळा असली तर तिथे नाव नोंदव, तिथे वाचून दाखवायला वेळ ठरवून दिलेला असतो.

बाड

समजलं. खरोखर प्रकरण अकराच आहे, तुम्हाला कसं कळलं माहीत नाही. बाड घरी ठेवतो, प्रश्न घेऊन जातो.

अनुस्वार

छान धागा. मी अनुवादक आहे, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते: लेखकाभोवती गर्दी असेल तर अनुवादकाला शोधा. त्या पुस्तकाला लेखकाखालोखाल कुणी हात लावला असेल तर त्याने. प्रत्येक स्वल्पविरामापाशी तो थांबलेला असतो आणि लेखकाला त्याने शंभर प्रश्न विचारलेले असतात.

माझाच अनुभव सांगते. मी अनुवादलेल्या एका कथेत म्हातारी दिव्याची वात सारते. मी ज्या भाषेत नेत होते तिथे वात 'वाढवतात' किंवा 'नीट करतात', 'सारणं' नाही. मी कथाकाराला विचारलं. त्यांनी शब्द सांगितला नाही, तर्जनी आणि अंगठा जुळवून हवेत ती हालचाल करून दाखवली: बोटांना तेल लागतंय, चटका बसायच्या आत बोटं मागे घ्यायचीत. मग मी क्रियापद सोडलं आणि बोटांचं वाक्य लिहिलं. पुढे एका महोत्सवात एक मुलगा माझ्यापाशी आला आणि म्हणाला, 'मी मूळ कथा वाचलीय. वात सारण्याचं काय केलंत?' इतका आनंद मला कुठल्या परीक्षणाने झाला नव्हता. त्याला मी कथाकारांपाशी नेलं आणि आम्ही तिघं पायऱ्यांवर बसून बोललो.

आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार २०१६ पासून एकेका पुस्तकाला देतात आणि त्याची ५०,००० पौंडांची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. २०२२ मध्ये तो हिंदीतून आणि २०२५ मध्ये कन्नडमधून इंग्रजीत गेलेल्या पुस्तकांना मिळाला. तरीही व्यासपीठाखाली अनुवादक बहुधा एकटाच उभा असतो. त्याच्याशी बोला.

सांजवेळ

अनुस्वार, वात सारण्याचं वाचून अंगावर काटा आला.

मला यात एक गंमत वाटते. वाचकाने लेखकाला असं भेटणं हे अलीकडचं आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी १८७८ मध्ये पुण्यात जी ग्रंथकारांची सभा बोलावली ती नावाप्रमाणे ग्रंथकारांची होती, त्यांनी एकमेकांना भेटावं म्हणून. त्यातूनच पुढे साहित्य संमेलन उभं राहिलं. इंग्लंडमधला चेल्टनहॅमचा महोत्सव १९४९ चा, एडिंबरोचा १९८३ चा, वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या छोट्या गावातला १९८८ चा, जयपूरचा २००६ चा. लेखक तंबूत येतो, बोलतो, मग टेबलाशी बसतो ही रीत यांच्याबरोबर घट्ट झाली. तेव्हा तिथे कसं वागावं याचे फार जुने संस्कार आपल्यावर नाहीत, आपणच ते घडवतोय. म्हणून हा धागा मला महत्त्वाचा वाटतो.

माझी स्वतःची एक सवय सांगते. जाण्याआधी पुस्तकाची अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश नीट वाचते. कादंबरी विसरायला होते, पण ऋणनिर्देशात 'अमुक कारखान्यातल्या रात्रपाळीच्या कामगारांचे आभार' अशी एक ओळ असते, आणि तिच्यामागे लेखकाचे सहा महिने असतात. 'रात्रपाळीला तुम्ही स्वतः गेला होतात का?' असं विचारलं की समोरचा माणूस खुलतो. 'हे तुमच्याच आयुष्यात घडलंय का?' हा प्रश्न मात्र मी टाळते. शंभर माणसांसमोर कुणाच्या घरात डोकावू नये.

तिसरी_रांग

सांजवेळ यांना पूर्ण अनुमोदन. सभागृहातल्या प्रश्नांबद्दल एवढंच की माइक हातात आला की एकच प्रश्न, दोन वाक्यांत. आधी कागदावर लिहून ठेवा. भाषण झालं की उत्तरही भाषणासारखंच येतं, आणि मागे हात वर करून बसलेल्या मुलीची वेळ संपते. ती मुलगी मला दर वर्षी दिसते.

श्रावक

मी दृष्टिहीन आहे, पुस्तकं ऐकतो. सहीच्या रांगेत माझ्यासारख्याने काय करायचं, हा प्रश्न मला बरीच वर्षं होता. ईपुस्तक वाचणाऱ्यांनाही तोच असेल, सही घ्यायला हातात काहीच नसतं.

मी जाड कार्ड घेऊन जातो. एका लेखिकेला सांगितलं की बॉलपेनने जोर देऊन सही करा, म्हणजे मला मागच्या बाजूने बोटाला लागेल. त्यांनी कार्डाखाली वही ठेवली आणि सावकाश, दाबून सही केली. मग माझं बोट धरून स्वतःच्या नावावरून फिरवलं. त्यांच्या आडनावातला 'ळ' मला अजून बोटाला आठवतो.

नंतर मी विचारलं, 'तुमच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ कसं आहे?' त्यांनी पाच मिनिटं सांगितलं. खिडकी आहे, खिडकीत पितळी गडू आहे, पण कादंबरीत गडू खिडकीत नाहीच, तो माळ्यावर आहे. चित्रकाराने खाली आणला, आधी त्यांना राग आला होता, मग वाटलं की तो खाली यायलाच हवा होता. त्यांच्या शेजारी उभी असलेली त्यांची मैत्रीण म्हणाली, 'हे तू मला कधी सांगितलं नाहीस.' 'कुणी विचारलंच नाही,' त्या म्हणाल्या.

कोरा_कागद यांच्याही प्रतिसादात हेच वाक्य आहे बघा, की कुणी विचारलंच नव्हतं.

मितभाषी

सगळे प्रतिसाद शांतपणे वाचले. माझं मत फारसं बदललं नाही, पुस्तक पुरतं असंच मला वाटतं. पण श्रावक यांचं वाचल्यावर एक लक्षात आलं. मी त्या लेखकांना भेटलो तेव्हा काहीच विचारलं नव्हतं. त्यांच्या कथा मला किती पाठ आहेत हेच त्यांना ऐकवत होतो, त्यांचीच वाक्यं त्यांना म्हणून दाखवत होतो. त्यावर त्यांनी तरी काय बोलायचं? त्यांनी बघायला हवं होतं माझ्याकडे, हे खरंच. पण माझ्याकडूनही काही तरी राहून गेलं. पंचवीस वर्षांनी हे कळतंय. ते आता हयात नाहीत.

पानखूण

मितभाषी, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

महोत्सवाचा आज दुसरा दिवस. आता सत्रांच्या मधल्या वेळात पायऱ्यांवर बसून लिहितेय.

माझे कवी यंदा नाहीत. पत्रिकेत नाव शोधलं, नाही. त्यांचा संग्रह मात्र गेला महिनाभर उशाशी आहे आणि त्यांना प्रकाशकामार्फत पत्र पाठवलंय. त्या दिवशी मी चार हातांवर उभी होते हेही लिहिलंय. ते लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला, मग वाटलं, खरं तेच लिहावं. कादंबरीकार बाईंचं पत्र अजून पुरं होत नाहीये. बाकापर्यंत येते आणि थांबते. पण सुरू केलंय.

काल एका रिकाम्या टेबलाशी गेले. पाणथळ जागांवर लिहिणारे एक गृहस्थ होते, वय सत्तरच्या पुढे. मी म्हटलं, 'तुमचं काही वाचलेलं नाही, कुठून सुरू करू?' त्यांनी समोरच्या तीन पुस्तकांकडे बघितलं आणि सर्वांत पातळ पुढे सरकवलं. 'हे,' म्हणाले, 'यातलं चौथं प्रकरण. बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल.' मी तिथेच बसून चौथं प्रकरण वाचलं. एका तळ्याच्या काठचा चिखल महिन्यामहिन्याला कसा बदलतो, एवढंच आहे त्यात. वाचून विचारलं, 'भाद्रपदाचं पान इतकं लहान का?' ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, त्या महिन्यात पत्नी आजारी होती, तळ्यावर जाणं जमलं नाही, आणि न बघितलेलं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मग मी आईबद्दल बोलले. ठरवलं नव्हतं, बोलले. सही घ्यायची राहिली ते बाहेर आल्यावर लक्षात आलं.

आज दुपारी अनुवादकांचं सत्र आहे, प्रश्न दोन वाक्यांत लिहून तयार आहे. बाड, तूही इथे असशील तर डावीकडच्या खांबाशी ये, तुझं अकरावं प्रकरण ऐकायचंय. आणि तिसरी_रांग, तुम्ही कुठल्या टेबलाशी असता? मी रांगेत शेवटी असेन.

तिसरी_रांग

दोन नंबरच्या. चिकटचिठ्ठ्यांचा निळा गठ्ठा माझ्याच हातात असतो. ते पाणथळवाले काका आज पुन्हा बसणार आहेत, साडेचारला. सही घेऊन टाका.